कुनी राइफचा चोवीस ओळींचा कागद

कुनी राइफ माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या पिशवीत बघत असे. मी बसमधून उतरून घराकडे वळले की ती कुंपणापाशी उभी असायची, हात कमरेवर, आणि नजर थेट माझ्या कापडी पिशवीत. 'गुटन टाग' हा नमस्कार नंतर, तोही लहर लागली तर. बावीस वर्षं आम्हा दोघींमध्ये ते एक लाकडी कुंपण होतं आणि ते होतं हे बरंच होतं.

अर्णव, परवा तू फोनवर विचारलंस की शाळेच्या प्रकल्पासाठी सुपरमार्केटचं बीफ आणि गावच्या शेतावरचं बीफ यांत फरक काय ते सांग. 'आजी, तू तर जर्मनीत खेड्यात राहतेस.' मी म्हटलं, मी जन्मात गोमांस तोंडात घातलेलं नाही, मला कसला फरक विचारतोस? फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मला फरक माहीत आहे. नको इतका माहीत आहे. तो मला ज्या बाईने शिकवला ती मला कधीच आवडली नाही, आणि हे लिहितानाही आवडत नाही. सईलाही वाचून दाखव. मराठी अडलं तर बाबाला विचारा, जर्मन अडलं तरी त्यालाच.

वयाने ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. रीतीप्रमाणे 'त्या' म्हणायला हवं, पण लेखणी वळत नाही. ठेंगणी, रुंद, अंगात बिनबाह्यांचा निळा बटणांचा एप्रन, पायात रबरी बूट, डोक्यावर मेलेल्या नवऱ्याची टोपी. छत्री वापरणाऱ्यांचा तिला राग. कुत्र्याला कोट घालणाऱ्यांचा राग. 'इंटरेस्टिंग' म्हणणाऱ्यांचा तर फारच. कौतुकाचा तिच्याकडे एकच शब्द होता, 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', आणि तोही ती वर्षातून एखाददा, दातदुखी असल्यासारखा काढायची. 'जोगळेकर' तिला कधी म्हणता आलं नाही. ती मला 'फ्राऊ योगल', म्हणजे योगलबाई, म्हणे. मी सुरुवातीला तीनदा दुरुस्त केलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "तुमचं नाव लांब आहे, माझी चूक नाही."

तुमचे आजोबा एर्लांगेनला विजेच्या कंपनीत होते. शहरातलं भाडं झेपेना म्हणून आम्ही बसने पंचवीस मिनिटांवरच्या या गावात घर घेतलं. गावात एक चर्च, एक कोरडं पडलेलं कारंजं, लांग नावाच्या खाटकाचं दुकान, आणि आमच्या शेजारी कुनीचा गोठा. त्यात मधाच्या रंगाच्या बारा गाई. उन्हाळ्यात कुरणात, थंडीत गोठ्यात, खाणं म्हणजे गवत आणि वाळलेलं गवत. वासरं आयांजवळच. ती दूध विकत नसे. ती मांस विकत असे.

आणि विकण्याची तिची रीत अशी. गोठ्यालगतच्या खोलीत तिचं दुकान होतं. त्याच्या दारावर ती एक कागद लावायची, हाताने आखलेल्या चोवीस ओळींचा. शेजारी एक पाटी, तिच्यावर गाईचं नाव आणि वय. ज्याला दहा किलोचं पुडकं हवं त्याने कागदावर सही करायची. पुडक्यात सगळं यायचं, चांगला तुकडा, खिमा, हाडं, कलेजी. निवड नाही. चोवीस ओळी भरल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या गाईला दाव्याला धरून पायी लांगच्या दुकानामागे घेऊन जायची. चारशे पावलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून. एक ओळ जरी रिकामी असली तरी गाय जागची हलायची नाही. "जिचा एक तुकडाही वाया जाणार आहे तिला मी मारत नाही," असं ती म्हणे. त्या दिवशी ती दुकान बंद ठेवी, नुसता पाव खाई आणि संध्याकाळपर्यंत कोणाशी बोलत नसे. गावाला ते ठाऊक होतं. मला तो दिवस सगळ्यात बरा वाटायचा.

सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तुम्ही आला होतात. सई, तू तेव्हा जेमतेम बोलत होतीस. अर्णवला बर्गर हवा होता, आणि बाबाने मला सांगितलं की हल्ली तो दुसरं काही खातच नाही. मी, आयुष्यात पहिल्यांदा, सुपरमार्केटात जाऊन गोमांसाच्या खिम्याचं पाकीट घेतलं. हाताला लागू नये म्हणून भाजीच्या पारदर्शक पिशवीतून धरलं. नातवासाठी माणूस काय काय करतं. बसमधून उतरले, तर कुंपणाशी ही.

पिशवीत हात घालून तिने पाकीट बाहेर काढलं. विचारलंदेखील नाही.

"नाव काय होतं तिचं?"

"कोणाचं?"

"हिचं. की ह्यांचं? एका पाकिटात किती जणी आहेत कोण जाणे."

"फ्राऊ राइफ, ते परत द्या."

"या माझ्याबरोबर," ती म्हणाली आणि पाकीट घेऊन चालू लागली. मी मागे गेले, कारण पाकिटाचे पैसे मी दिले होते. मला तिच्यामागे जाताना बघून आजोबाही मागोमाग आले.

तिच्या स्वयंपाकघरात तिने दोन लोखंडी तवे शेजारी शेजारी ठेवले. एका तव्यात माझा खिमा, दुसऱ्यात तिचा. मी दारात नाकाला रुमाल लावून उभी. माझा चेरीसारखा लाल होता, खाली पाणी शोषणारा कागद. तिचा काळपट, जांभळाकडे झुकणारा, आणि चरबी पिवळसर. "ही गवताची पिवळी," तिने बोटाने दाखवलं. "तुमची पांढरी, म्हणजे कोंडून उभं करून धान्य चारलेलं. आणि हा लाल रंग? पाकिटात हवा भरतात, तो टिकावा म्हणून. मेलेल्याला रंगरंगोटी." थोड्या वेळात माझ्या तव्यात राखाडी पाणी सुटलं आणि खिमा त्यात उकळायला लागला, आटून अर्धा झाला. तिच्या तव्यात पाण्याचा थेंब नव्हता. तो चरचरला, तपकिरी झाला, होता तेवढाच राहिला. लांगच्या थंड खोलीत तीन आठवडे टांगलं की आतलं पाणी निघून जातं, असं ती म्हणाली. सुपरमार्केटवाल्यांना तेवढा धीर नसतो, आणि पाणीही मांसाच्या भावात विकलं जातं.

मग तिने काट्यावर तिचा एक घास घेतला आणि आजोबांसमोर धरला. मी म्हटलं, आम्ही खात नाही. ती काटा धरून उभीच. आजोबांना कोणाला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी तो घेतला, डोळे मिटले, सावकाश चावला, आणि स्वतःशीच मराठीत म्हणाले,

"कँटीनमध्ये असं कधी नव्हतं लागत."

मी रुमाल खाली घेतला.

"कुठल्या कँटीनमध्ये?"

"अं?"

"अहो, कुठल्या कँटीनमध्ये?"

"काय म्हणतो तो?" कुनीने विचारलं.

"म्हणतात, वास उग्र आहे," मी जर्मनमध्ये सांगितलं. मी खोटं सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

घरी आल्यावर मी टेबलाशी बसले आणि त्यांना समोर बसवलं. तीस वर्षं पहाटे उठून मी डबा दिला होता. पोळी, भाजी, कोशिंबीर, शुक्रवारी शिरा.

"मग डब्याचं काय व्हायचं?"

"श्रीनिवासन खायचा," ते म्हणाले. "त्याला तुझी बटाट्याची भाजी फार आवडायची, गं."

श्रीनिवासन त्यांच्या विभागात होता. दर दिवाळीला तो माझ्या हाताच्या चवीचं इतकं मनापासून कौतुक का करायचा, ते मला त्या दुपारी कळलं. मी आजोबांशी नऊ दिवस बोलले नाही. आणि ही गोष्ट मी पुण्यातल्या नातेवाइकांना सांगितली नाही, तुमच्या बाबाला सांगितली नाही, कोणालाच नाही. आता इथे लिहिते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

घरातला राग मी कुनीवर काढायचं ठरवलं. पुढच्या आठवड्यात बसमधून उतरले आणि ती पिशवीत डोकावायच्या आधीच बोलायला लागले. आमच्याकडे गाय आई असते, तिला असं तव्यावर घालून दाखवणं हा माझा अपमान आहे, वगैरे. इंग्रजी शाळेत आम्हाला वक्तृत्व शिकवलं होतं. ते मी बऱ्यापैकी जर्मनमध्ये केलं.

ती शांतपणे ऐकत होती. मग तिने पिशवीतल्या दुधाच्या खोक्यांवर बोट ठेवलं. सहा होती. दह्याला लागतात.

"आई. बरं. ह्या आईचं दूध आटल्यावर ती कुठे राहते?"

"आमच्या देशात..."

"तुमच्या देशाचं नाही विचारत. इथलीचं विचारते. ही जी सहा खोक्यांत आहे तिचं."

मी पिशवीचं तोंड आवळलं.

"भाकड झाली की पंधरा दिवसांत त्या लाल पाकिटात. दूध तुम्ही घेता, उरलेली तुमचा नातू खातो. एकाच गाईवर तुमचं अख्खं घर चाललंय, फ्राऊ योगल."

"मग तुमचं दूध द्या मला. विकत द्या."

"माझ्या गाईंचं दूध वासरांचं. तुम्ही वासरू आहात का?"

मला जे लागलं ते हे. तेव्हा मीही मनात ठेवलेलं बोलले. म्हटलं, तुम्ही त्यांना नावं देता, कानामागे खाजवता, आणि मग स्वतःच्या हाताने लांगच्या दारात नेऊन उभं करता. त्या तुमच्या मागून चालतात, कारण त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे. आमच्या भाषेत याला विश्वासघात म्हणतात.

ती जराशी मागे सरकली. "मग कोणी न्यावं?" ती म्हणाली. "अनोळखी माणसाने?" आणि आत निघून गेली.

त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही, मग बोललो तेही कामापुरतं. पिशवीत बघणं मात्र तिने सोडलं नाही. मी दूध तिथलंच घेत राहिले. तिला दिसावं म्हणून वर ठेवत असे.

एक मला कबूल केलं पाहिजे. या काळात मलाही पिशव्या बघायची खोड लागली. बसमध्ये गावचे लोक समोर बसले की माझी नजर खाली जायची. सुपरमार्केटने एक नवं कपाट लावलं होतं, 'आपल्या परिसरातून' अशी पाटी, हिरवं कुरण आणि हसऱ्या शेतकऱ्याचं चित्र. भाव कुनीच्या निम्मा. रविवारी चर्चबाहेर तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारणारे लोक शुक्रवारी तिथली पाकिटं घेऊन यायचे, आणि बसमधून उतरताना पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचे, तिच्या कुंपणापासून लांबच्या. कागद भरायला पूर्वी आठ दिवस लागत, मग महिना, मग दोन महिने. तिने नवी वासरं होऊ देणं थांबवलं. बारा गाईंच्या सात झाल्या, मग तीन. गेल्या हिवाळ्यात एकच उरली. त्सेन्झी. चौदा वर्षांची, पुढच्या पायाने लंगडणारी.

तेव्हाच लांगने दुकान बंद करायचं ठरवलं. त्याचे गुडघे गेले होते आणि मुलगी म्युनिकला संगणकाचं काम करते. तीन आठवडे टांगायचा हिशेब धरून त्याने शेवटचा सोमवार सांगितला. त्यानंतर तो जनावर घेणार नव्हता. दुसरा कत्तलखाना गाडीने दीड तासावर, आणि गुरांचा डॉक्टर म्हणाला, लंगडी गाय गाडीत चढवायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे सोमवार टळला की एकच रस्ता. डॉक्टर येऊन सुई देणार, आणि मेलेल्या जनावरांची बंद गाडी येऊन तिला घेऊन जाणार. कचरा म्हणून.

हे मला लांगकडून कळलं. कुनी कोणाला काही सांगत नव्हती, कोणाला सही कर म्हणत नव्हती. नुसता कागद लावला होता. मी रोज फिरायला जाताना त्याच्यावरून जात असे, आणि मला रिकाम्या ओळी मोजल्याशिवाय राहवत नाही. दहा. सहा. चार. शनिवारी दुपारी एकच.

ती कागदासमोर उभी होती. मी जवळ गेले तरी हलली नाही.

"एकच राहिली आहे," मी म्हटलं.

"मला मोजता येतं."

"एका ओळीसाठी तुम्ही तिला त्या गाडीत टाकणार? तेवीस जणांमध्ये वाटून टाका. कोणाला काय कळणार आहे?"

"मला कळणार आहे."

"हा निव्वळ हट्ट आहे."

"जा," ती म्हणाली. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'हो' होतो, पण तिने तो आपल्या मराठीतल्याच अर्थाने म्हटल्यासारखा वाटला.

मी पर्समधून पेन काढलं आणि चोविसाव्या ओळीवर माझं नाव लिहिलं. ठळक, ओळीला चिकटून, मी लिहिते तसं. का लिहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं आखलेलं काम एका ओळीसाठी अपुरं राहावं हे मला बघवेना, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

कुनीने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझं नाव खोडलं. दोनदा.

"तुम्ही खात नाही. तुम्ही ते पुडकं नेऊन फेकून देणार. किंवा पुरून वर फूल लावणार, तुमचा काही भरवसा नाही. खाणाऱ्याचं नाव पाहिजे."

मी तशीच वळून घरी जाऊ शकले असते. बावीस वर्षांत तिने माझं नाव एकदाही धड उच्चारलं नव्हतं, आणि आता ते खोडलं होतं. कुंपणापलीकडे गोठ्यात ती लंगडी गाय रवंथ करत उभी होती. मी म्हटलं,

"माझे यजमान खातात."

ती पेनाचं टोपण लावता लावता थांबली.

"तीस वर्षं खाल्लं आहे त्यांनी. कँटीनमध्ये. त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरात मी खोटं बोलले होते. ते वास उग्र आहे असं म्हणाले नव्हते."

"ते मला तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "डोळे मिटून चावणारा माणूस वासाची तक्रार करत नाही. मी सहा वर्षं वाट बघतेय, तुम्ही कधी बोलता."

आजोबा सोफ्यावर पेंगत होते.

"अहो, उठा. सही करायची आहे."

"कसली?"

"गाईची."

त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे नीट बघितलं. "तू म्हणतेस हे?"

"आधी शर्ट बदला. भर गावात जायचंय."

त्यांनी सही केली. त्यांची सही पसरट, खोडलेल्या नावाच्या शेजारी मावेना, कागदाच्या बाहेर दारावर गेली. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बायका बघत होत्या. त्यांतल्या एकीची सून मराठी आहे, तिच्यामुळे ते एर्लांगेनच्या महाराष्ट्र मंडळापर्यंत पोचलं, आणि गणपतीत मला एकीने विचारलंही. म्हणून तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते आहे. कुनीने कागद काढला, घडी घातली, खिशात ठेवला. आभार मानले नाहीत. म्हणाली, "पुडकं तीन आठवड्यांनी. डबा घेऊन या, पिशवी नको."

सोमवारी उजाडता उजाडता मी खिडकीत होते. पूर्वी कधी थांबत नसे, त्या दिवशी थांबले. दोघी फाटकातून बाहेर आल्या. त्सेन्झी लंगडत होती, आणि कुनी तिच्याच चालीने पाऊल टाकत होती, दावं सैल सोडून. चारशे पावलांना फार वेळ लागला. कारंज्यापाशी गाय थांबली, तर तीही थांबली. ओढलं नाही, बोलली नाही. गाय आपण होऊन निघाली तेव्हा निघाली. माझ्या खिडकीखाली आल्यावर कुनीने मान वर केली.

"खिडकी लावा," ती म्हणाली. "तिला बघे आवडत नाहीत."

मी खिडकी लावली. काचेमागे उभी राहिले. परत येताना तिच्या हातात दावं गुंडाळलेलं होतं, आणि ती एकटी असूनही तेवढ्याच सावकाश चालत होती.

पुडकं आलं. मी आजोबांना वेगळा तवा आणून दिला आणि गॅरेजमध्ये एक शेगडी. पुडक्यात एक चिठ्ठी होती, 'त्सेन्झी, चौदा वर्षं'. आजोबांनी ती वाचली आणि त्या दिवशी शेगडी पेटवलीच नाही. दुसऱ्या दिवशी पेटवली. पाणी सुटलं नाही, एवढं मी दारातून पाहिलं. चिठ्ठी मी फाइलमध्ये ठेवली आहे, विमा आणि वीजबिलाच्या मधल्या कप्प्यात. त्या कप्प्याला अजून नाव दिलेलं नाही.

तर अर्णव, प्रकल्पात हे लिही. एक लाल, एक काळपट. एकाची चरबी पांढरी, एकाची पिवळी. एक पाण्यात उकळतं, एक भाजलं जातं. एक स्वस्त, एक महाग. बाकीचं वर लिहिलंय. त्यातलं किती घ्यायचं ते तुझं तू ठरव.

मागच्या महिन्यात कुनी मला सुपरमार्केटात दिसली. गोठा रिकामा झाल्यावर तिला पहिल्यांदाच तिथे बघत होते. तोच निळा एप्रन, तीच टोपी. मांसाच्या कपाटापुढे उभी राहून ती एकेक पाकीट उचलून मागची बारीक अक्षरं वाचत होती आणि परत ठेवत होती. तिथे काम करणाऱ्या बाईने विचारलं, काही मदत करू का?

"नाव काय होतं तिचं?"

"कोणाचं, प्लीज?"

कुनीने पाकीट जागेवर ठेवलं आणि वळली. समोर मी. माझी नजर आधी तिच्या टोपलीत गेली. बटाटे, कोबी, मसूर, पाव. मांस नव्हतं. तिने ते ओळखलं.

"उगाच खूश होऊ नका," ती म्हणाली. "मी तुमच्यासारखी झालेली नाही. मला अनोळखी चालत नाही, एवढंच."

मग तिने माझ्या ट्रॉलीत बघितलं. दुधाची सहा खोकी होती. सगळ्यात वरच्या खोक्यावर चित्रातली एक गाय हिरव्या कुरणात उभी होती. त्या चित्रावर तिने जाडजूड बोट ठेवलं.

"आणि हिचं?"

मी खोकं उचललं, फिरवून सगळ्या बाजूंनी वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ," कुनी राइफ म्हणाली, आणि टोपली घेऊन गल्ल्याकडे निघाली.